फाटक्या थैल्यानं आखलेली वाट

दौलतभाऊ, आज स्टोअरमधी तुहा थैला सापडला. चुन्याचा. खिळ्याले टांगून होता आन खालच्या कोपऱ्यातलं भोक जसंच्या तसं. स्टोअरकीपर म्हने, "फटा है, फेंक दूँ क्या?" मी असा भडकलो त्याच्यावर का बिचारा दोन पावलं मागं सरला. त्याची काय चूक? त्याले काय मालूम का जे काम झालं ते ह्या भोकानंच झालं. थैला घरी आनला. माही बायको शांता आदी ओरडली, "अवं माय, घरभर पांढरं सांडून राहिलं!" मंग थैला ओळखला तिनं. आन तिनंच तो खुंटीले टांगला, माह्या सदऱ्याच्या बाजूले.

तू गेल्याले आज आठ दिवस झाले. तुह्या लोकाईनं मले सांगितलं, मधुकरबाबू, तुम्ही शिकलेले, दौलतसाठी दोन शब्द लिहा, बैठकीत वाचू. मी बसलो. शुद्ध मराठीत सुरुवात केली, तुहा जन्म, तुही नोकरी. जन्मतारखेपाशीच गाडी अडकली. तुही जन्मतारीख तुलेच मालूम नव्हती, कागदावर आहे ती तं मीच एका दुपारी अंदाजानं टाकून देल्ली होती. कागद फाडला. आन तुह्याशी शुद्ध मराठीत बोललो असतो तं तू म्हनला असता, "बाबू, तब्येत बरी आहे ना?" म्हनून हे असंच लिहून राहिलो, जसं आपन बोलत होतो तसं.

एक गोष्ट आदीच सांगतो. उमरीनं तू मोठा. पन तू मले 'तुम्ही' म्हने आन मी तुले 'तू'. मी टेबलावरचा ट्रेसर, नकाशे उतरवनारा. तू चेनमन, उन्हात साखळी ओढनारा, खुट्या ठोकनारा. ऑफिसात तसंच चाले आन आपन बी तसंच चालवलं. आता सुधरवाले जातो तं जीभ वळत नाई. तू मनातल्या मनात 'तुम्ही' ऐकून घे.

बैठकीतल्या नव्या मानसाईले समजावं म्हनून थोडं मागं जातो. इथला पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. चिमन्या वर चढून राहिल्या होत्या, महिन्या-महिन्याले क्वार्टरची नवी लाईन उठत होती. रस्ते होते, मोठे, रुंद, पन ते ट्रकसाठी. चालनाऱ्याचं आन सायकलवाल्याचं कोनीच काही ठरवलं नव्हतं. उतई गावाकडून येनारी मानसं पांदनीनं सायकली हाकत येत, चपला हँडलले लटकवून नाल्यात उतरत, सायकल खांद्यावर घेत, आन पल्ल्याड चढून मैदान आडवं कापत सेक्टर ६ मधून गेटकडे जात. बाकीचे ट्रकच्या रस्त्यानं. ट्रक गेला का धुळीत सायकलवाला दिसत नसे. दोघं-तिघं पडले, एकाचा पाय मोडला. मंग एक दिवस साहेबाचा हुकूम आला, मैदानातून कामगारासाठी वेगळी वाट काढा. नकाशा माह्याकडे आला, साखळी तुह्याकडे.

मी काय केलं? कागदावर पट्टी ठेवली, एक रेघ मारली. दोन मिनिटाचं काम. तू रेघ पाह्यली आन मुंडी हालवली.

"बाबू, याच्यावरून कोन चालनार?"

"मानसं."

"कोनती?"

असा राग आला मले! कोनती म्हंजे काय बे, म्हनलो, दोन पायाची. तू हासला नाई. म्हनला, "एकदा पाहायले तं चला. रोज सकाळी जातच आहेत ना थे."

मी चालनारा मानूस नव्हतो, हे तुले मालूम होतं. माहा बाप रेल्वेत कीमन. दुर्गच्या लाईनीवर हातोडा घेऊन रोज रूळ पाहत चाले, उन्हात, पान्यात, चालता चालताच म्हातारा झाला. मी लहानपनीच ठरवलं होतं का पोटासाठी चालीन तं नावाचा मधुकर नाई. आन तू मले भल्या सकाळी मैदानात उभं केलं! भोंगा वाजला, सायकली आल्या, आन तू चाकामागं धावत खुट्या ठोकत गेला. मी वहीत रेघा मारत गेलो. माह्या पट्टीची रेघ आन लोकाईची वाट कुठंच जुळत नव्हती. मले पयल्यांदा समजलं का मी आजवर कोनासाठी नकाशे काढत होतो तेच मले मालूम नव्हतं.

मंग तुह्या खुट्या धरून वाट झाली. हथखोज गावाच्या अंगानं मुरूम आला, रोलर फिरला. मी एवढा फुगलो होतो का संध्याकाळी शांताले दाखवाले घेऊन गेलो. ती म्हनली, "मस्त आहे, पन बाजारात जायचं तं हे उलटीकडे जाते." मी म्हनलो, तुले काय समजते. बाप्पा! तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं आन मी कान बंद करून उभा.

सकाळी वाट भरून जाये. दुपारी रिकामी. पावसाळा लागला आन मधोमध गवत उभं राहिलं. साहेब विचारे, एवढा मुरूम टाकला तो बकऱ्या चाराले का? आपल्याले काही सुचेना. तुले आठवते का, कोपऱ्यावर लाल भाजी घेऊन बसनारी थे डोकरी? तिलेच दया आली आपली. म्हनली, "जाए के रद्दा एके ठन हे बाबू, लहुटे के रद्दा सबके अपन-अपन." जायची वाट साऱ्याईची एक, पन परतायची ज्याची त्याची येगळी. तू तिथंच खाली बसला आन कपाळावर हात मारून घेतला.

आन ही चूक एकट्या माही नाई, दौलतभाऊ, तुही बी होती, हे तुह्या तोंडावर म्हनलो होतो, आताही म्हनतो. आपन दोघंई सकाळीच उभे राहिलो. दुपारी दोनले शिफ्ट सुटे तवा आपन काय करून राहिलो होतो? झाडाखाली बसून भाकर खाऊन राहिलो होतो! तू आनलेला ठेचा, माह्या डब्यातलं वांगं. अक्खी शिफ्ट आपल्यासमोरून घरी गेली आन आपन वांग्याची तारीफ करून राहिलो होतो. जायले घाई असते म्हनून मानूस जवळून जाते. परततांना एकाले बाजार करायचा असते, एकाले नळावर अंग धुवायचं असते, एकाची बायको रेजाच्या कामावर, विटा-गारा वाहत असते, तिले संग घ्यायचं असते. आपन मानसाचं जानं पाह्यलं, येनं पाह्यलंच नाई.

साहेबाले हे सांगायची हिंमत व्हायच्या आदीच त्यायनं इलाज काढला. लोक वाटेनं येत नाईत ना, मंग मैदानाले काटेरी तार मारा, म्हंजे झक मारून येतीन. तीन दिवसात तार लागली.

सुमनचं सांगतो आता. तुही पोरगी, तवा आठेक वर्षाची. तुमी तवा नाल्याच्या पल्ल्याड झोपड्यात राहत होते, शाळा सेक्टरमधी, मधात मैदान. तारेखालून निघाली बिचारी. फ्राक फाटला, पोटरीवर हा एवढा ओरखडा. दुसऱ्या दिवशी तू तिले ट्रकच्या रस्त्यानं सोडून आला आन तसाच माह्या टेबलापाशी उभा राहिला. घामानं निथळून राहिला होता.

"बाबू, हे तार तुमच्या नकाशावर कुठं आहे?"

"नाई आहे."

"मंग काढा."

"दौलत, मी ट्रेसर आहे बे! तार काढनारा मी कोन? आन एवढं काय आभाळ कोसळलं, फेऱ्यानं जाईन पोरगी, थोडं जास्त चालीन."

तू असं काही पाह्यलं माह्याकडे. मंग स्टूल ओढून बसला. ऑफिसात तू माह्यासमोर कधी बसला नव्हता, हे मले तवाच ध्यानात आलं.

तू एकदाच सांगितलं, आन तेई लई हळू. तुह्या गावात शाळा मधल्या गल्लीच्या तोंडाशी होती. तुमचा मोहल्ला खालच्या अंगाले. गल्लीतून गेलं तं हाकेच्या अंतरावर. पन गल्ली तुमाले बंद. चपला हातात घेतल्या तरी बंद. गावाले वळसा घालून जायचं, गोदरीतून, जिथं गाव परसाकडले बसे, उकिरड्यावरून, पावसात मांडीइतक्या चिखलातून. शाळेत पोचला का मास्तर म्हने, घान पाय घेऊन आला, भायेर बस. "चौथीपर्यंत तसाच गेलो," तू म्हनला. "पाय नाई थकले बाबू. मन थकलं. दीक्षा घेतली, गाव सोडलं, इथं आलो. इथं गल्ली नाई, सारं मैदान मोकळं पाह्यलं आन मनात एकच गोष्ट धरली. माही पोरगी फेऱ्यानं जानार नाई."

मी काहीच बोललो नाई. उठून माठातलं पानी प्यालो. तू समजला असशीन का मले वाईट वाटलं. वाटलंच होतं. पन चूप राहायचं कारन दुसरं होतं, ते पुढं सांगतो.

मंग तुहं डोकं चाललं. "साहेबाले कागदावर सांगून पटत नाई," तू म्हनला, "जमिनीवर काढून दाखवू." इमारतीच्या पायाची आखनी कराले चुन्याची फक्की असतेच आपल्याकडे. तू थैल्याच्या कोपऱ्याले भोक पाडलं, थैला कॅरिअरले बांधला, आन दोनच्या भोंग्याले गेटवर जाऊन उभा राहिला. एक मानूस धरायचा, त्याच्यामागं त्याच्या दारापर्यंत जायचं, मंग वापस गेटवर येऊन दुसरा धरायचा. तू जाये तिथं पांढरी रेघ उमटत जाये. तारेपाशी लोकं सायकल उचलून पल्ल्याड टाकत आन स्वतः वाकून निघत. तूई तसाच निघे, आन रेघ बी तारेखालून निघे.

हाशी तं विचारूच नको. "का गा दौलत, थैला फाटला!" "तुह्या डोक्यावानी आहे," तू म्हने. एका बाईले वाटलं का मुंग्याचं औषध टाकून राहिला, तिनं चार घरच्या बायका बोलावल्या, म्हने, आमच्या बी दारात टाक. पोराईनं रेघेवर गाड्या-गाड्या खेळनं सुरू केलं. कारखान्यातल्या रुसी इंजिनेराची मॅडम बाबागाडी घेऊन फिराले येत होती, थे बी रेघ पकडूनच चालाले लागली. आन तो फिटर! तू मागं मागं येऊन राहिला पाहून त्याले वाटलं ऑफिसनं पाळत ठेवली. तो निघाला होता महुआच्या दारूच्या अड्ड्यावर. तिथं गेल्यावर तुह्या पाया पडला, "दादा, घर में मत बताना." तू म्हनला, मी कायले सांगू, रेघच सांगीन. मंग तेवढा तुकडा तू पायानं पुसून टाकला. मी विचारलं, काहून पुसला, खरी वाट आहे ना? तू म्हनला, "खरी आहे, पन सरकारी नाई."

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी तू मले पान्याच्या टाकीवर चढवलं. दौलतभाऊ, त्या शिडीचं नाव काढलं तं आजई मी खाली बसून घेतो. नकाशाची गुंडाळी दातात, दोन्ही हातानं लोखंड धरून, आन तू खालून ओरडून राहिला, "खाली पाहू नका बाबू!" मी वरून ओरडलो, "खाली पाहायलेच तं चढवलं ना बे मले!"

वर पोचलो, डोळे उघडले, आन शिडी-बिडी सारं विसरलो. अक्ख्या मैदानावर पांढऱ्या रेघा. गेटपासून निघून फुटत गेलेल्या, बाजाराकडे, नळाकडे, क्वार्टरच्या लाईनीकडे. आन त्याईतली एक जाड, लई वेळा गिरवलेली, तारेखालून निघून सरळ नाल्याकडे, पल्ल्याड, झोपड्यापर्यंत आन पुढं उतईच्या पांदनीले लागलेली. माही मुरमाची वाट एका बाजूले एकटीच पडली होती. वर वारा होता, कागद उडून राहिला होता, आन मी हासून राहिलो का रडून ते मलेच समजत नव्हतं. नकाशा काढनं म्हंजे काय ते मी त्या टाकीवर शिकलो. सर्टिफिकिट माह्याजवळ आदीपासून होतं, पन शिकवलं तू.

नवा नकाशा साहेबापुढं ठेवला. त्यायनं आदी नकाशा पाह्यलाच नाई. विचारलं, "ये मैदान में चूना किसने गिराया?" मी टेबलाची कड पाहून राहिलो. तू दारातून म्हनला, "मेरे से गिरा साहब. थैला फटा था."

"पाँच दिन फटा रहा?"

"गरीब का थैला है साहब, फटा ही रहता है."

नोकरी जायची पाळी आली होती तुही त्या दिवशी, आन तू असा बोलून राहिला होता जसा बाजारात भाव करून राहिला. साहेबानं टोपी घातली आन भायेर निघाला. रेघेवरून चालत. आपन दोघं मागं. तारेपाशी तो थांबला, तू एका हातानं तार वर धरली, तो वाकून निघाला आन त्याच्या कोटाले काटा लागून फाटला. नाल्यापाशी पोचलो. एक रेजा डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन पानी पार करून राहिली होती, पाठीले लेकरू. साहेब बूट काढू का नाई ह्या इचारात उभा, आन ती त्याच्या बाजूनं वर चढून निघून बी गेली. त्यायनं तिच्याकडे पाह्यलं, नाल्याकडे पाह्यलं, मंग नकाशा मागितला. तिथंच उभ्या उभ्या नाल्यावर लहान पूल, म्हंजे पुलिया, लिहून टाकली. तार दुसऱ्या दिवशी निघाली.

वापस येतांना साहेबानं मले विचारलं, "आइडिया किसका था?" तू दहा पावलं मागं, साखळी गोळा करून राहिला होता. मी म्हनलो, "हमारा, सर." शिव्या खायच्या वेळी तू एकटा, आन शाबासकीच्या वेळी 'हमारा'. तू ऐकलं होतं, मले पक्कं मालूम आहे. संध्याकाळी तू म्हनला, "चाय पाजा बाबू, आपलं काम झालं." मी चाय पाजली, आन बोलायचं ते बोललोच नाई. आज साऱ्याईपुढं बोलतो. ते 'हमारा' नव्हतं, तुहं होतं.

पुलिया बांधून झाली त्या दिवशी तू कोनालेच तिच्यावर पाय ठेवू देल्ला नाई. सुमनले नवी चप्पल घातली होती. म्हनला, हिले पयले जाऊ द्या. ती दप्तर घेऊन चट्‌-चट्‌ चप्पल वाजवत निघाली, पुलियावरून, मैदानातून, सरळ शाळेच्या फाटकात. एकदाही मागं नाई पाह्यलं पोरीनं. तू तिथंच उभा. मी म्हनलो, चाल आता, काम पडलं आहे. तू म्हनला, "थांबा बाबू, चप्पल ऐकू येऊन राहिली."

त्यानंतर आपली भांडनं सुरू झाली, थे संपलीच नाईत. झाडाचं पाहा. मी म्हनलो गुलमोहर लावू, शोभा येईन. तू म्हनला, उन्हाळ्यात त्याले पान राहत नाई, मानूस काय फुलाखाली उभा राहीन? कडुनिंब लावा. शेवटी एका अंगानं गुलमोहर, एका अंगानं निंब. आता पाहतो तं सारी दुनिया निंबाच्या अंगानं चालते. शांतानं ह्याच वाटेवर सायकल शिकली, पयल्या दिवशी डोकरीच्या भाजीवर जाऊन पडली, तेई निंबाच्या सावलीकडं वळवतांनाच. डोकरीनं तिले शिव्या देल्ल्या आन मंग गूळ-पानी बी देल्लं.

दुसरं भांडन पायी मानसाचं. मी म्हने, सायकली जास्त आहेत, वाट सायकलची. तू म्हने, चालनाऱ्याचा हक्क पयला, कारन त्याच्याजवळ दुसरं काहीच नाई. काविळीनं तू दवाखान्यात पडला, डोळे हळदीवानी पिवळे, तरी तेच! "बाबू, पुलियाच्या पल्ल्याडचा उतार जास्त झाला. सायकल निघते, पन डोक्यावर भारा घेतलेलं मानूस घसरते. बाजूले पायऱ्या काढा. सायकलवरून उतरून एकदा चालून तं पाहा." मी म्हनलो, हौ, पाहतो. तू बरा हो, संगच जाऊ. मी गेलो नाई, आन तू बरा झाला नाई.

आता ते चूप राहायचं कारन. त्या दिवशी तू स्टुलावर बसून गल्लीचं सांगितलं ना, तशीच गल्ली माह्या आजोबाच्या गावात बी होती. आन आमचं घर त्याच गल्लीत होतं, दौलतभाऊ. मी लहान असतांना ओसरीवरून पाह्यलं आहे, खालच्या मोहल्ल्यातली पोरं गावाच्या भायेरून चिखल तुडवत जातांना. मले तवा वाटे का त्याईले तीच वाट आवडते. तुले हे सांगायचं मी किती वेळा ठरवलं. चाय पितांना, झाडं लावतांना, दवाखान्यात तं ओठावर आलं होतं. भीती होती का तू माह्याकडे पुन्हा त्या दिवशीसारखा पाहशीन. आता वाटते, पाह्यलं असतं, मंग म्हनला असता, "चला बाबू, दोन वाजले, भोंगा होईन." तू तसाच होता. लहानपनी मी जे पाहत बसलो ते तू मले हातानं मिटवाले शिकवलं, आन शिकवून राहिला हे मले समजू बी देल्लं नाई. याच्यापेक्षा जास्त कोनी कोनाले काय द्यावं?

शेवटचं सांगतो. तू तं खांद्यावर होता, तुले दिसलं नसन.

तुह्या क्वार्टरपुढं लोकं जमली होती. मसनवट नाल्याच्या पल्ल्याड. ऑफिसनं मानानं ट्रक पाठवला होता, फुलं लावून. ड्रायव्हर म्हने, बड़े रोड से घुमा के ले चलते हैं, आराम से पहुँच जाएँगे. कोनी मान हालवली, कोनी दोर आनाले गेलं. मी बी चूपच होतो, माही ती आदत तुले मालूम आहे. सुमन दारात उभी होती. बारा वर्षाची पोरगी. ती पायऱ्या उतरली, ट्रकपुढं येऊन उभी राहिली आन म्हनली,

"नाई. बाबा फेऱ्यानं नाई जानार."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आमी तुले खांद्यावर घेतलं. तुह्या भावानं, मी, डोकरीच्या पोरानं, आन त्या फिटरनं. दोन वाजले होते, शिफ्ट सुटली होती. सायकलवाले निंबाच्या सावलीतून घरी येऊन राहिले होते. एक उतरला, मंग त्याच्यामागचा, मंग सारेच सायकली हातात धरून बाजूले उभे राहिले. पायी मानसाले वाट देल्ली त्यायनं, तुह्या म्हनन्याप्रमानं. पुलिया पार केली आन पल्ल्याडच्या उतारावर माहा पाय सटकला, अगदी तू सांगितलं होतं तिथंच. सुमननं माहा कोपर धरला. "काका, इथं हळू," म्हने.

पायऱ्याचा नकाशा मी काल काढून देल्ला. पायी चालून, भारा डोक्यावर घेऊन पाह्यला आदी. सर्व्हे कोनी केला त्या जागेवर तुहं नाव लिहिलं आहे. साहेबानं काही विचारलं नाई.

तुले आमी फेऱ्यानं नाई नेलं, दौलतभाऊ. सरळ नेलं, क्वार्टरच्या मधल्या गल्लीतून, साऱ्याईच्या दारासमोरून, आन तुही पोरगी चप्पल घालून पुढं चालून राहिली होती.